मदत हवी आहे: एकट्या व्हायोलिनवर भाषण आणि गर्दी कशी वाजवू?

नमस्कार मंडळी. एकट्या व्हायोलिनसाठी पाचेक मिनिटांची रचना लिहितोय, तारांच्या पाश्चात्त्य पद्धतीच्या मिळवणीत. डोळ्यांसमोर आहे संयुक्त महाराष्ट्राच्या काळातलं शिवाजी पार्क आणि अत्र्यांसारखा फर्डा वक्ता. साथीला पियानो नाही, तानपुराही नाही.

वक्ता बऱ्यापैकी जमलाय. तो सगळा सर्वांत खालच्या सुराच्या 'जी' (G) तारेवर ठेवलाय, वर सरकत गेलं की आवाज घोगरा होतो आणि माणूस तावातावाने बोलतोय असं वाटतं. सुरांपेक्षा विराम महत्त्वाचे, हे भाषणं ऐकूनच कळलं. टाळीची जागा वक्ता आधीच मोकळी सोडतो.

घोडं अडलंय गर्दीपाशी. कुजबुजीसाठी घोडीला (तारा जिच्यावर टेकतात ती लाकडी पट्टी) अगदी खेटून गज थरथरवतो, ते छान खरखरतं. पण टाळ्या? गजाच्या लाकडाने तारांवर आपटून पाहिलं, तर पत्र्यावर चार थेंब पडल्यासारखं वाटतं. (शिवाय गजाचं पॉलिश जातं, ते वेगळंच.) व्हायोलिनवादक-रचनाकार पॅगानिनीच्या चोविसाव्या कॅप्रिससारखं (एकट्या व्हायोलिनची छोटी, अवघड रचना) डाव्या हाताने तार छेडून बघितलं, पण गज चालू असताना ते दबून जातं.

बाखने १७२० च्या हस्तलिखितात एका व्हायोलिनवर चार-चार आवाजांचे फ्यूग (एकच धून एकामागून एक आवाज उचलत जातात अशी रचना) लिहून ठेवलेत, तेव्हा दोष वाद्याचा नक्कीच नाही!

भाषण न थांबवता मधेच घोषणा उसळली असं कसं दाखवू? आणि स्वरलिपीत दोघांसाठी वेगळ्या ओळी लिहू की एकच? वाजवणाऱ्यांनी कृपया सांगा.