जुन्या त्रैमासिकाचे अंक एक्सएमएलमध्ये आणायचे आहेत: मुक्त साधनांवर विसंबता येईल का?

प्रश्न: नौपाडाकर (ठाणे)

नौपाड्यात आमचे अक्षरजुळणीचे छोटे कार्यालय आहे. एका संस्थेच्या त्रैमासिकाचे १९९६ पासूनचे अंक आमच्याकडे पेजमेकर या पानमांडणीच्या प्रणालीच्या फायलींत पडून आहेत. संस्थेला हेच लेख आता संकेतस्थळावर, ई-पुस्तकात आणि निवडक लेखांच्या छापील संग्रहात हवे आहेत, शिवाय लेखकसूचीही हवी आहे. मजकूर एकदाच एक्सएमएलमध्ये (मजकुराच्या भागांना टॅग, म्हणजे नावाच्या खुणा, लावून साठवण्याच्या स्वरूपात) आणून त्यातूनच सारे काढावे, एवढे मला पटले आहे. मात्र एका पुरवठादाराने दाखवलेल्या प्रणालीत मजकूर त्यांच्याच बंदिस्त स्वरूपात साठतो आणि परवान्याचे पैसे दरवर्षी भरावे लागतात. पूर्वी अशाच एका प्रणालीत केलेली कामे आज आम्हालाच उघडता येत नाहीत, त्यामुळे मन धजत नाही. मुक्त स्रोत साधनांवर हे काम उभे राहील का? आणि टॅगांची नावे मराठीत ठेवावीत का?

उत्तर १: ऐरोलीकर

उभे राहील, परंतु साधन निवडण्यापूर्वी मानक निवडावे, कारण साधन उद्या बदलता येते, मजकुराची रचना मात्र सहज बदलता येत नाही. एक्सएमएल १.० ही वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यू३सी या संस्थेची शिफारस फेब्रुवारी १९९८ मधली आहे आणि तेव्हाची सुरचित फाइल आजचे कोणतेही पार्सर (एक्सएमएल वाचणारे साधन) वाचते. तुमच्या बंद पडलेल्या प्रणालीला नेमके हेच जमले नाही.

एक्सएमएलमध्ये देवनागरी टॅग चालतात, तरीही ते ठेवू नयेत असे माझे मत आहे. साहित्यिक मजकुरासाठी टीईआय ही टॅगांची खुली शब्दावली तयार आहे. कवितेची ओळ, तळटीप, व्यक्तिनाम या सर्वांची सोय तिच्यात आहे. तिच्यात पाचशेहून अधिक घटक आहेत हे पाहून घाबरू नये. रोमा या साधनाने त्यांतले लागतील तेवढेच निवडून त्यांचा स्कीमा (कोणता घटक कोठे यावा याची नियमावली) रिलॅक्स एनजी या भाषेत काढता येतो. आमच्या कामाला तीसेक घटक पुरले.

फाइल स्कीमाप्रमाणे आहे का हे तपासण्यासाठी जिंग आणि रूपांतरासाठी सॅक्सनची एचई आवृत्ती घ्यावी. ती मोझिला परवान्याखाली मिळते आणि एक्सएमएलचे रूपांतर लिहिण्याच्या एक्सएसएलटी या भाषेची २०१७ ची ३.० आवृत्ती चालवते. लिनक्सवर सहज मिळणारे एक्सएसएलटीप्रोक वेगवान असले तरी ते १.० च्याच पायरीवर थांबलेले आहे, आणि गट पाडून सूची करताना ते फार जाचते. शोधासाठी बेसएक्स हा एक्सएमएल डेटाबेस पुरेल. त्याचा परवाना बीएसडी हा मुक्त परवाना आहे.

उत्तर २: बेलापूरच्या मुद्रितशोधक

वरील सल्ला योग्य आहे, पण खरे काम त्याच्या अलीकडे आहे. १९९६ च्या फायली युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरावीक संकेतांक देणाऱ्या आजच्या मानकात, असणार नाहीत. त्या काळच्या फॉन्टांत मराठी अक्षरे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असत आणि मजकूर उच्चाराच्या क्रमाने न साठता डोळ्यांना दिसतो त्या क्रमाने साठत असे. ‘किती’ या शब्दातली ऱ्हस्व वेलांटी फाइलमध्ये ‘क’च्या आधी येते, तर ‘सूर्य’मधला रफार ‘य’च्या नंतर. युनिकोडमध्ये दोन्ही उलट आहे. म्हणून केवळ अक्षरास अक्षर बदलणारे कोष्टक पुरत नाही. वेलांटी आणि रफार आपल्या जागी हलवणारी वेगळी पायरी लागते. प्रत्येक फॉन्टचे कोष्टकही वेगळे असते. आमच्याकडे एकाच अंकात मथळ्यांसाठी तिसराच फॉन्ट निघाला होता.

दुसरा फटका ‘वऱ्हाड’, ‘तऱ्हा’ अशा शब्दांचा. हा अर्धा र दोन प्रकारे लिहिला जातो: खाली टिंब असलेल्या ‘ऱ’ला हलन्त जोडून, किंवा साध्या ‘र’ला हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह देऊन. छापल्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण शोधताना एक सापडतो आणि दुसरा हरवतो. रूपांतराच्या वेळीच यांतला एक प्रकार ठरवून टाकावा.

असे दोष पकडण्यासाठी स्कीमॅट्रॉनचा (मजकूर तपासण्याचे आपले नियम लिहिण्याच्या भाषेचा) फार उपयोग होतो. शब्दाच्या आरंभी काना, मात्रा किंवा वेलांटी आली, अथवा परभाषिक शब्दांसाठीच्या टॅगबाहेर रोमन अक्षर दिसले, तर तो परिच्छेद दाखवावा, असे दोन नियम आम्ही लिहिले. पहिल्याच दिवशी इतके दोष समोर आले की मुद्रितशोधनाची पद्धतच बदलावी लागली. तरीही माणसाने मूळ अंकाशी ताडून वाचणे सुटत नाही.

उत्तर ३: कोपरखैरण्याचा वाचक

लेखकसूचीबाबत एक सावधगिरी सुचवतो. युनिकोडमध्ये ‘ळ’ हा ‘ल’ आणि ‘व’ यांच्या मध्ये आहे, मराठी वर्णमालेत तो ‘ह’च्या नंतर येतो. केवळ संकेतक्रमाने लावल्यास ‘साळवी’ हे नाव ‘सावंत’च्या आधी जाते. सोपा उपाय असा की क्रम लावण्यापुरती नावाची वेगळी प्रत घ्यावी, तीत ‘ळ’च्या जागी अवग्रह (ऽ) घालावा, कारण युनिकोडमध्ये तो ‘ह’च्या नंतर पण कान्या-मात्रांच्या आधी येतो, आणि संकेतक्रमानेच लावावे. छापल्या जाणाऱ्या नावाला हात लागत नाही. ‘क्षीरसागर’ शेवटी घ्यायचे की ‘क’च्या पोटात, यावर सूचीकारांचे एकमत नाही, ते संपादकांनाच विचारावे.

छपाईची पाने बनवण्यासाठी अपाची एफओपी हे मुक्त साधन घेणार असाल तर १.१ च्या आधीची आवृत्ती घेऊ नका. जोडाक्षरांची सोय त्या आवृत्तीत, २०१२ साली, आली. आणि मूळ घटकावर (फाइलमधल्या सर्वांत बाहेरच्या टॅगवर) भाषा मराठी असल्याची नोंद करायला विसरू नका. ज्या फॉन्टांत सोय आहे, त्यांत पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ या नोंदीवरूनच निवडले जातात.

नौपाडाकर (ठाणे)

सर्वांचे आभार. एका अंकावर प्रयोग करून पाहिला. जिंगने फाइल निर्दोष ठरवली, आणि त्याच फाइलमध्ये स्कीमॅट्रॉनने एकशे बारा परिच्छेद दाखवले. त्यांतले बहुतेक कवितांचे आहेत, कारण कवितांना वेगळा फॉन्ट वापरला होता आणि त्याचे कोष्टक आमच्याकडे नाही. आता जुन्या छापील अंकाशी एकेक खूण ताडून ते कोष्टक बनवायला बसलो आहोत. संपादकांनी ‘क्ष’ शेवटी घ्यायला सांगितले आहे.