गुळाला पिवळा रंग यावा म्हणून पावडर मारायची का? गुऱ्हाळवाले, व्यापारी सगळ्यांनी बोला

करवीर_गुऱ्हाळघर:
नमस्कार मंडळी. कोल्हापूरजवळ करवीर तालुक्यात आमचं गुऱ्हाळ आहे, आजोबांपासून चालू. यंदा हंगाम सुरू झाल्यापासून डोक्यात एकच भुंगा आहे म्हणून इथं लिहितोय. आम्ही काहिलीत (रस उकळायच्या मोठ्या कढईत) भेंडीचं पाणी आणि बेताचा चुना एवढ्यावरच मळी काढतो, गूळ तांबूस निघतो, चवीला एक नंबर, पण मार्केट यार्डात सौद्याला माल लावला की शेजारच्या पिवळ्याधमक रव्यापुढं (म्हणजे गुळाच्या ढेपेपुढं) आमचा रवा मागं पडतो आणि दर तुटतो. अडत्या (यार्डातला दलाल) म्हणतो गुजरातची गिऱ्हाईकं रंग बघूनच बोली लावतात, थोडी हायड्रोस पावडर मारा, रंग उजळतो, सगळेच मारतात. काहीजण तर काहिलीत साखरच ओततात, उतारा वाढतो म्हणून. धाकटा भाऊ म्हणतोय आपण एकट्यानंच का मरायचं, वडील ऐकायलाच तयार नाहीत, घरात रोज वाद. गूळ शिजवणारा गुळव्या, चुलीत जळण घालणारा जळव्या, तोडकरी सगळी धरून पंधरा-वीस माणसांचं पोट यावर चालतंय आणि आजूबाजूची गुऱ्हाळं एकेक करून बंद पडायला लागलीत. धंदा टिकवायसाठी एवढं चालतं का? खरंखरं सांगा.

यार्डातला_अडत्या:
भावा, मी अडतीवरचाच माणूस, त्यामुळं शिव्या बसतील तरी लिहितो. नफा कमावणं हे पाप नव्हे. मिल्टन फ्रीडमन नावाच्या अर्थतज्ज्ञानं १९७० सालीच लिहून ठेवलंय की धंद्याची सामाजिक जबाबदारी म्हणजे नफा वाढवणं. गिऱ्हाईकाला पिवळा पाहिजे तर पिवळा द्यायचा. पावडरीतनं गुळात उतरणारा सल्फर डायऑक्साइड कायद्यानं ७० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत ७० भाग) चालतो, त्यात बसवा की. पैसे आले की गावच्या शाळेला द्या, कुणाच्या दवाखान्याला द्या. मोठ्या कंपन्या पण तेच करतात, २०१३ च्या कंपनी कायद्यात २ टक्के सीएसआर, म्हणजे नफ्यातला समाजकार्याचा वाटा, आहेच. आधी गुऱ्हाळ जगलं पाहिजे, तुझी माणसं जगली पाहिजेत, बाकीचं मागनं.

लॅबवाली_ताई:
दादा, फ्रीडमनचं तुम्ही अर्धंच सांगितलंत. त्याच लेखात अट आहे की नफा कमवायचा तो नियमात राहून, फसवणूक न करता. गिऱ्हाईक पिवळा रंग बघून जास्त पैसे देतं कारण त्याला वाटतं हा गूळ चांगला, आणि रंग तर पावडरीचा. मग ही फसवणूक नाही तर काय?
आता ७० पीपीएमचं. मर्यादा खरी आहे, पण गुऱ्हाळावर मोजतं कोण? गुळव्या उकळत्या काहिलीत मुठीच्या अंदाजानं टाकतो, आजच्या आदणात (एका खेपेच्या रसात) एक मूठ, उद्या रस काळा दिसला तर दोन. हायड्रोस म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट, कापड रंगवायच्या प्रोसेसमध्ये वापरतात ती वस्तू. दम्याच्या माणसाला सल्फाइटनं धाप लागू शकते. बाळंतिणीला, लहान पोरांना आपण गूळ औषध म्हणून देतो हो! आणि तो रंग टिकत पण नाही, गूळ ठेवला की परत काळवंडतो. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे पावडर मारणारे कितीतरी गुऱ्हाळवाले घरच्यासाठी बिनपावडरचे रवे वेगळे काढून ठेवतात. स्वतःच्या पोराला जे देत नाही ते दुसऱ्याच्या पोराला का द्यायचं, याचं उत्तर मला आजपर्यंत कुणी दिलेलं नाही.

शिरोली_फौंड्री:
सीएसआरचा विषय निघाला म्हणून लिहितो, गुळातलं मला कळत नाही. त्या २ टक्क्यांचा कायदा नीट वाचा, ज्यांची नेटवर्थ ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा नफा ५ कोटी त्यांना तो लागू, आणि कंपनीच्या नेहमीच्या धंद्यातलं काम सीएसआरमध्ये धरतच नाहीत. म्हणजे धंदा कसा करता ते वेगळं आणि दान किती देता ते वेगळं, कायदाच तसं म्हणतो. आमचं एक मोठं गिऱ्हाईक आहे, त्यांच्या गेटवर शाळेला दिलेल्या बेंचांचे, झाडं लावल्याचे फोटो आहेत, आणि आमच्या कास्टिंगचं बिल मात्र चार-चार महिने अडकलेलं, २००६ च्या एमएसएमई (छोट्या उद्योगांच्या) कायद्यात जास्तीत जास्त ४५ दिवस लिहिलेत तरी. माझ्या कामगारांचा पगार मी कर्ज काढून केलाय. मला त्यांचे बेंच नकोत, माझं बिल वेळेवर पाहिजे! तसंच तुझं पण आहे भावा, पावडरीच्या पैशातनं शाळेला देणगी दिलीस म्हणून काहिलीतली पावडर निघून जात नाही.

शाहूपुरी_जुना:
मी कोल्हापूरच्या शाहूपुरी पेठेत वाढलोय. शाहू महाराजांनी १८९५ ला शाहूपुरी वसवली ती गुळाच्या व्यापारासाठी, कोल्हापुरी गूळ हे नाव तिथनं देशभर गेलं, २०१४ ला जीआय (त्या भागाच्या मालाचं सरकारी मानांकन) पण मिळाला. बाहेरचा गूळ कोल्हापुरी म्हणून विकला की आपण सगळे ओरडतो, रस्त्यावर उतरतो, आणि बरोबरच आहे ते. पण आपणच साखर ओतली, पावडर मारली तर कुठल्या तोंडानं ओरडणार? ते नाव कुणा एकाच्या मालकीचं नाही, एकानं खराब केलं की सगळ्यांचा दर पडतो. फक्त गुऱ्हाळवाल्याला धरू नका एवढंच म्हणणं आहे. सौद्यात रंगाला भाव आणि चवीला शून्य, हे ठरवतो व्यापारी, आणि दुकानात पिवळा द्या म्हणून मागतो आपणच.

करवीर_गुऱ्हाळघर:
सगळ्यांचे आभार. काल रात्री भावाला ताईंचं उत्तर मोठ्यानं वाचून दाखवलं, तो गप्पच बसला. पावडर नाही घालायची, ठरलं. सगळा माल यार्डात न लावता निम्म्याचे एक किलोचे आणि अर्ध्या किलोचे रवे पाडून पुण्या-मुंबईला थेट द्यायचं बघतोय, भाऊ म्हणतोय पॅकिंगचं मी बघतो. पण तीस किलोचे रवे यार्डाशिवाय खपणार नाहीत. अडत्या दादा, तुम्ही बिनपावडरचा म्हणून वेगळी थप्पी लावून सौदा काढाल का? बाकीची दोन-तीन गुऱ्हाळं पण माझ्याबरोबर यायला तयार आहेत.

यार्डातला_अडत्या:
लावतो. पहिल्या सौद्याला दर पिवळ्याएवढा निघेल असं मी सांगणार नाही, खोटं कशाला बोलू. पण एकाच गुऱ्हाळाचा माल आणू नका, चौघं मिळून आणा म्हणजे घेणाऱ्याला दर आठवड्याला माल मिळंल, नाहीतर नवीन व्यापारी पेढी हातच लावत नाही. आणि प्रत्येक लॉटचा लॅबचा रिपोर्ट बरोबर पाहिजे, त्याची झेरॉक्स थप्पीवरच चिकटवू.