आधी सेल्फ मारताना धूर बघा

तुमची जुनी डिझेल पिकअप सकाळी लवकर सुरू होत नाही, म्हणून इंजेक्शन पंप (इंजिनला डिझेल मोजून देणारा मुख्य पंप) उतरवून कॅलिब्रेशनला, म्हणजे तपासून जुळवून घ्यायला द्या, असं इथे सुचवलंय, पण त्याची घाई करू नका. सकाळी दहा-दहा सेल्फ लागतात आणि एकदा सुरू झाली की दिवसभर तक्रार नाही, हे जुन्या डिझेल पिकअपमध्ये बऱ्याचदा डिझेलची पाईपलाईन हवा आत घेत असल्याचं लक्षण असतं. सेल्फ मारताना कुणाला तरी सायलेन्सरपाशी उभं करा. पांढरा धूर येत असेल तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोचतंय पण पेटत नाही. मग हीटर प्लग (थंड इंजिन तापवणारा), नोझल (डिझेल फवारणारा), कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला हवेचा दाब) बघायचं. धूरच नसेल तर डिझेल पोचतच नाही.

माझ्या गाडीला धूर नव्हता. खाली वाकून सगळे जोड पाहिले, कुठेही ओल नाही. इथेच माणूस फसतो. टाकीपासून फीड पंपापर्यंत (टाकीतून डिझेल खेचणारा छोटा पंप) डिझेल ओढलं जातं, त्यामुळे तिथे फट असली तरी गाडी चालू असताना थेंब बाहेर येत नाही, हवा आत जाते. रात्रभरात डिझेल टाकीकडे उतरतं आणि सकाळी पाईप रिकामा. शेवटी फीड पंपाच्या आधी वीतभर पारदर्शक पाईप जोडला, तर बुडबुड्यांची माळच दिसली. टाकीजवळच्या रबरी पाईपला क्लिपच्या खाली केसाएवढी चीर होती. पाईप आणि दोन्ही क्लिपा बदलल्या, हँड प्राइमरने (लाईनमध्ये डिझेल भरायचा हातपंप) हवा काढली. दुसऱ्या दिवशी अर्ध्या सेल्फला सुरू. तुम्ही उद्या सकाळी सेल्फच्या आधी प्राइमर कडक होईपर्यंत मारून बघा. लगेच सुरू झाली तर इंजेक्शन पंपाला हात लावू नका.