मदत हवी आहे : इंजिन लीन चालतंय, हवा नक्की कुठून शिरतेय?

नमस्कार मंडळी. बाबांची २०१३ची पेट्रोल गाडी आहे. महिनाभर आयडलिंगला थरथरतेय, सिग्नलला आरपीएम खालीवर होतो. चेक इंजिनचा दिवा लागला म्हणून स्कॅनर लावला, तर कोड पी०१७१. म्हणजे मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी.

गॅरेजवाले म्हणतात ऑक्सिजन सेन्सर बदला. मला पटत नाही. लाँग टर्म फ्युएल ट्रिम (मिश्रण बरोबर ठेवायला कॉम्प्युटर किती टक्के पेट्रोल वाढवतोय तो आकडा) आयडलिंगला +२१ टक्के, पण २५०० आरपीएमला +६. पंप किंवा फिल्टर कमजोर असता तर लोडवर आकडा वाढला असता, आणि गाडी कात्रजचा घाट नीट चढते. त्यामुळे थ्रॉटलच्या (इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणाऱ्या झडपेच्या) पुढे कुठूनतरी हवा आत ओढली जातेय, असा माझा अंदाज.

पीसीव्हीचा होज (इंजिनच्या आतली वाफ परत इनटेककडे नेणारी नळी) काढून वाकवला, तेव्हा वळणाच्या खालच्या बाजूला नखाएवढी चीर उघडली. वरून अजिबात दिसत नव्हती! नाना पेठेतून नवा आणून बसवला. ट्रिम +१३ वर आला, थरथर मात्र राहिलीच. गळती शोधायला गार इंजिनवर कार्ब क्लीनरचा स्प्रे मारला (चिरेतून तो आत ओढला गेला की आरपीएम बदलतो), तर इनटेक मॅनिफोल्डच्या (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांच्या) तिसऱ्या सिलिंडरजवळ आरपीएम बदलतो, पण दर वेळी नाही.

आता सरळ मॅनिफोल्डचं गॅस्केट (सांध्यातलं सील) बदलू, की आधी स्मोक टेस्ट (आत धूर सोडून तो कुठून बाहेर येतो ते पाहणं)? ब्रेक बूस्टरचा (इंजिनच्या व्हॅक्यूमवर ब्रेकला जोर देणाऱ्या भागाचा) होज चिमटून पाहिला तर काही कळेल का? सिंहगड रोड, धायरी भागात स्मोक टेस्ट करणारं कुणी माहीत असेल तर कृपया सांगा. बाबांना दर आठवड्याला याच गाडीतून दवाखान्यात न्यावं लागतं, त्यामुळे खूप काळजी वाटतेय.