अनुभव धागा: पर्लच्या कॉन्टेक्स्टनं तुम्हाला कुठं गाठलं?

पर्ल या प्रोग्रामिंग भाषेतल्या जुन्या स्क्रिप्ट सांभाळणारे आपल्याकडं अजून आहेतच. फंक्शन तेच, पण बोलावणाऱ्यानं एक किंमत मागितली तर एक उत्तर, यादी मागितली तर दुसरं. हाच तो कॉन्टेक्स्ट. स्वतः पाहिलेलं लिहा. मॅन्युअल सगळ्यांकडं आहे.

गोदाकाठ (नांदेड):
मंडळनिहाय पावसाच्या फायली होत्या. फंक्शन दिवसभराच्या नोंदींचा अ‍ॅरे (ओळीनं ठेवलेल्या किमतींची यादी) द्यायचं आणि आधीच्या गड्यानं तो साध्या स्केलरमध्ये, म्हणजे एकच किंमत मावणाऱ्या व्हेरिएबलमध्ये, घेतलेला. अ‍ॅरे तसा घेतला की हाती येते नुसती मोजदाद. तीन नोंदी असलेल्या प्रत्येक मंडळात पाऊस 3 मिलिमीटर! 65 च्या पुढं अतिवृष्टी धरतात, आणि इथं ओढे रस्त्यावर आलेले. मग कुणीतरी व्हेरिएबलला कंस घातला. आता पहिलीच नोंद यायला लागली, बाकीच्या गडप. बेरीज पाहिजे तर बेरीज करा की राव.

आडतवाला (लातूर):
आमच्या पट्ट्यांच्या (शेतमाल विक्रीच्या हिशोबाच्या) प्रोग्राममधी शेतकरी सापडला नाही की 'रिटर्न अनडेफ' होतं, म्हणजे 'किंमतच नाही' असं उत्तर जातं. बोलावणारा यादी घ्यायलाय. यादीत एक अनडेफ आला म्हणजे ती रिकामी नाही, 'यादीत काही आहे का' हे तपासणारं इफ खरं ठरलं, बिननावाची पट्टी बाहेर. नुसतं 'रिटर्न' केलं की यादी रिकामी जाते, स्केलरमध्ये अनडेफच मिळतं. म्या तर सगळीकडं तेच करायलोय.

उदगीरकर:
आडतवाले, सगळीकडं नको. बियाण्याच्या दुकानाचा ग्राहक हॅश (की आणि तिची किंमत अशा जोड्या) होता: नाव, मोबाइल, गाव या की. मोबाइल एका फंक्शनातून यायचा. नंबर नसला की नुसतं रिटर्न, म्हणजे त्या जागी काहीच नाही, आणि पुढचं सगळं एक घर अलीकडं सरकतं. ग्राहकाचा मोबाइल 'गाव', आणि 'औसा' नावाची नवीच की. विषम संख्येची वॉर्निंग येत होती, पण लॉग कोण वाचतंय? अशी दोन फंक्शनं रिकामी गेली तर वॉर्निंगही येत नाही. कॉलच्या आधी 'स्केलर' लिहिलं की फंक्शन एकच किंमत, इथं अनडेफ, देतं आणि भागतं.

बीडचा:
बोलावणारा काय मागतोय ते पर्लच्या 'वाँटअरे'नं फंक्शनला कळतं: यादीला खरं, स्केलरला खोटं, कुणी काहीच घेत नसेल तर अनडेफ. तरी दोन तोंडांची फंक्शनं मला पटत नाहीत. कायम अ‍ॅरेचा रेफरन्स (यादीचा पत्ता, म्हणजे एकच किंमत) द्यावा.

गोदाकाठ, तुमच्याकडं कुणी प्रिंट लावून पाहिलं असणारच. प्रिंट यादीच मागतो, त्यामुळं तिथं सगळ्या नोंदी बरोबर दिसतात आणि अहवालात 3 तसाच राहतो. तपासताना प्रिंटमध्येही 'स्केलर' लावून बघा.