तलवार, टोळी नाहीतर साप: कोरियन नटांना हॉलिवूडमध्ये एवढंच का मिळतं?

जांबोटीच्या_बाई

नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्यात मराठी शाळेत शिकवते, गॅदरिंगची नाटकं बसवते आणि लॉकडाऊनपासून लेकीच्या नादानं कोरियन मालिका बघते. त्यात ली ब्युंग-हुन हा माझा लाडका नट. 'मिस्टर सनशाइन' (२०१८) मध्ये तो यूजिन नावाचा गुलामाचा पोर असतो. पळून अमेरिकेला जातो आणि तिथल्या सैन्याचा अधिकारी होऊन आपल्याच देशात परत येतो. ज्या घराण्यापायी आईबाप गेले, त्या माणसांसमोर उभा राहतो तेव्हा आवाज चढवत नाही. जबडा तेवढा हलतो. पोरांना अभिनय शिकवताना मी तो प्रसंग दाखवते.

तर परवा रात्री आमच्या ह्यांनी टीव्हीवर हिंदीत डब केलेला मारामारीचा सिनेमा लावला होता. पांढऱ्या कपड्यातला, तोंड झाकलेला एक निन्जा इकडून तिकडं उड्या मारत होता. मी भाकरी थापता थापता मान वर केली, डोळे बघितले आणि ओरडलेच, "अहो, हा तर आमचा यूजिन!"

मग बाकीचं शोधून बघितलं. २००९ मध्ये 'जी. आय. जो'मधला हा निन्जा, २०१३ मध्ये पुन्हा तोच. त्याच वर्षी 'रेड २'मध्ये भाडोत्री मारेकरी. २०१५ मध्ये 'टर्मिनेटर'मधला पाऱ्यासारखा वितळणारा यंत्रमानव, ज्याला वाक्यंच जेमतेम. २०१६ मध्ये 'द मॅग्निफिसंट सेव्हन'मध्ये घोड्यावरच्या टोळीतला चाकू फेकणारा. म्हणजे हा माणूस तिकडं गेला की कुणाला तरी मारायलाच जातो. प्रेम करत नाही, कर्ज काढत नाही, आईला फोन करत नाही.

वर तो निन्जा म्हणजे जपानी परंपरेतला. कोरियाच्या माणसाला जपानी बाजाचं सोंग देताना तिकडं कुणाला काही वाटत नाही का? ह्यात आशियाई माणसाबद्दलचा ठरलेला साचा किती आणि बाजाराचा हिशेब किती? आणि घरी एवढा मान असलेला नट हे पत्करतो तरी कशाला? जाणकारांनी सांगावं.

---

चव्हाट_गल्ली

टीचर, ह्यात कोडं काय आहे? पैसा की. आणि नाव. २०१२ मध्ये हॉलिवूडच्या त्या चायनीज थिएटरपुढं सिमेंटात त्याच्या हातापायाचे ठसे घेतले, २०१६ मध्ये ऑस्करच्या स्टेजवर बक्षीस द्यायला उभा केला. परत सोलला गेल्यावर भाव वाढत नाही होय? निन्जा तर निन्जा.

दुसरं म्हणजे इंग्लिश. ज्याचं इंग्लिश अडखळतंय त्याला कोर्टातला वकील कसा करणार? तलवार द्यायची, मोकळं व्हायचं. तलवारीला ॲक्सेंट नसतो गा. उगीच प्रत्येक गोष्टीत अन्याय शोधायचा नाही.

---

जांबोटीच्या_बाई

@चव्हाट_गल्ली, इंग्लिशचं कारण मलाही आधी पटलं होतं. पण २०१४ चा 'लूसी' बघा. दिग्दर्शक फ्रेंच, पण नट हॉलिवूडचे. त्यात चोई मिन-सिक आहे. हा नट म्हणजे कोरियात साक्षात दादा माणूस. तो सगळा सिनेमा कोरियनमध्येच बोलतो. हॉटेलच्या खोलीत समोरच्या बाईशी बोलायचं तर फोनवर दुभाषा. म्हणजे इंग्लिशची अडचणच उरली नाही. तरी भूमिका कसली? सुटातला, रक्तानं हात माखलेला टोळीचा म्होरक्या. आणि गोष्ट घडते तैपेईत! तैवानमध्ये कोरियन टोळी काय करत होती, हे सिनेमा संपला तरी मला कळलं नाही.

---

विंगेतला

बाईंचा मुद्दा बरोबर आहे, आणि इंग्लिशचं कारण किती पोकळ आहे ते आणखी मागं जाऊन बघा.

फिलिप आन नावाचा नट होता. जन्म १९०५ चा, लॉस एंजेलिसचाच. वडील आन चांग-हो, जपानी राजवटीविरुद्ध लढलेले कोरियाचे मोठे पुढारी. जपान्यांच्या तुरुंगवासानं खंगून १९३८ मध्ये गेले. तर ह्या फिलिपला १९३६ च्या एका सिनेमासाठी दिग्दर्शकानं आधी नाकारलं. का? तर म्हणे इंग्रजी फारच चांगलं बोलतो! चिनी माणूस असा बोलत नाही. आणि पुढं दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्याला मिळाले ते क्रूर जपानी अधिकारी. ज्यांनी बापाला तुरुंगात घातलं, त्यांचाच गणवेश घालून पोरानं पडद्यावर उभं राहायचं. बाई, तुमच्या निन्जाच्या प्रश्नाचं उत्तर ह्यात आहे. तिकडं कोरियन, जपानी, चिनी हा फरक कधी मोजलाच गेला नाही.

थोडं स्वतःचं सांगतो. मी बेळगावच्या टिळकवाडीत वाढलो. घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी, कन्नड येतं ते शाळेत शिकलो तेवढंच. नोकरीनिमित्त पुण्यात होतो तेव्हा एका हौशी संस्थेत तालमीला जायचो. पहिल्या वाचनाला मी वाक्याच्या शेवटी "आलो की" म्हटलं आणि सगळा हॉल हसला. तिथंच माझं ठरून गेलं. त्या नाटकात हॉटेलवाला अण्णा, पुढच्यात धारवाडकडचा पाहुणा, त्याच्या पुढच्यात पुन्हा अण्णा. दिग्दर्शक म्हणायचे, "अहो, ते तुमच्याकडचं 'अय्यो' घाला ना." मी जन्मात अय्यो म्हटलेलं नाही. आमच्याकडं "आई गं" म्हणतात, पुण्यात म्हणतात तसंच. तालमीनंतर चहाला सगळे माझ्याशी गोडीनं वागायचे, हे मुद्दाम सांगतो. साचा मारणारी माणसं दुष्ट असतात असं नाही. त्यांना आपलं दुसरं काही ऐकूच येत नाही.

ह्याची उलटी बाजू 'लॉस्ट' मालिकेत (२००४ ते २०१०) झाली. त्यात जिन नावाचा कोरियन नवरा आहे, ज्याला इंग्रजीचा गंध नाही. तो केला डॅनियल डे किमनं. जन्म बुसानचा, पण वाढला पेनसिल्व्हेनियात. त्याचं कोरियन ऐकून कोरियातल्या लोकांनी कपाळाला हात लावला. अमेरिकन प्रेक्षकाला पत्ताही नाही! बायको सनच्या भूमिकेतली किम युन-जिन तर दुसऱ्याच भूमिकेसाठी चाचणी द्यायला गेली होती. ती एवढी आवडली की तिच्यासाठी सन नव्यानं लिहिली गेली. सुरुवातीला हे जोडपंही साच्यातलंच होतं, दटावणारा नवरा आणि खाली मान घातलेली बायको. पण मालिका लांबली, लिहिणाऱ्यांना त्यांचं घर, सासर, माहेर दाखवायला वेळ मिळाला आणि दोघं माणसं झाली.

म्हणून मी कुठल्याही भूमिकेला एवढंच विचारतो: ह्याला घर आहे का? तुमच्या निन्जाला घर नाही. 'मिनारी' सिनेमातल्या (२०२०) आजीला आहे. यून यो-जोंगला २०२१ मध्ये ऑस्कर मिळालं ते ह्या आजीसाठी, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी. आजी कोरियाहून लेकीकडं अमेरिकेतल्या खेड्यात येते. पत्ते खेळते, शिव्या देते, नातवाबरोबर कुस्ती बघते, रोपं लावायला ओढ्याकाठी जाते. नातू तोंडावर म्हणतो, तू खरी आजी नाहीस, तुला बिस्किटं करता येत नाहीत. प्रेमळ, सोशिक, शहाणपण सांगणारी पौर्वात्य म्हातारी असती तर ऑस्कर कदाचित मिळालंही असतं, पण मी लक्षात ठेवली नसती. ही आजी अशी का झाली? कारण दिग्दर्शक ली आयझॅक चुंग स्वतः आर्कान्सातल्या अशाच शेतावर वाढलेला. लिहिणारा हात घरचा होता.

साचा प्रेमळसुद्धा असतो, हे आपल्या भागातल्या माणसांना सांगायला नको. सुलोचनादीदी चिक्कोडी तालुक्यातल्या खडकलाटच्या. मराठीत नायिका म्हणून गाजल्या आणि हिंदीत गेल्यावर कायमच्या आई झाल्या. 'सुजाता' आला १९५९ मध्ये. त्यात त्या नूतनला वाढवणारी आई आहेत. दीदींचा जन्म १९२८ चा, नूतनचा १९३६ चा. आठ वर्षांचा फरक! दीदींनी कधी कुरकुर केली नाही, लोकांनी डोक्यावर घेतलं, पण मला वाटतं हिंदीवाल्यांनी त्यांच्यातली अर्धी नटी बघितलीच नाही.

---

निपाणकर_पोर

मी सध्या बंगळूरला शिकते, म्हणून थोडं वेगळं लिहिते.

आधी बाईंसाठी भर. किम सू-ह्युन ही नटी २०१५ च्या 'ॲव्हेंजर्स'मध्ये शास्त्रज्ञ होती. मारामारी नसली की आशियाई माणूस लॅबमध्येच सापडतो. २०१८ मध्ये हॅरी पॉटरच्या दुनियेतल्या सिनेमात तिला नागिनी केलं. म्हणजे शापानं हळूहळू साप होणारी बाई, जी पुढं खलनायकाची पाळीव होते. तेव्हा बरीच टीका झाली, एक आशियाई बाई घेतली तीही असली. उलट मा दोंग-सोक बघा. 'इटर्नल्स'मध्ये (२०२१) त्याचा गिल्गमेश ठोसेही मारतो आणि ॲप्रन बांधून स्वयंपाकही करतो. आजारी मैत्रिणीची काळजी घेत वर्षानुवर्षं तिच्याजवळ राहतो. विंगेतला काकांच्या भाषेत, ह्याला घर आहे. मला तर तो ॲप्रनमध्येच आवडला.

आता खरं सांगायचं ते. माझी रूममेट मणिपूरची. तिथं २००० मध्ये एका बंडखोर संघटनेनं हिंदी सिनेमांवर बंदी घातली, त्यामुळं तिच्या घरात कोरियन मालिका आपल्या कितीतरी आधी पोचल्या. तिला हॉलिवूडवरची ही चर्चा वाचून दाखवली तर ती हसली. म्हणाली, मेरी कोमवर २०१४ मध्ये सिनेमा काढलात तेव्हा मेरी कोम कोण झाली? प्रियांका चोप्रा. मणिपूरची लिन लैशराम त्याच सिनेमात होती, छोट्या भूमिकेत. बंगळूरच्या रस्त्यावर तिला लोक रोज "चायनीज" म्हणतात, परवा रिक्षावाल्यानं इंग्लिशमध्ये विचारलं, कुठल्या देशाची? ती त्याच्याशी कन्नडमध्ये बोलली, माझ्यापेक्षा चांगल्या.

---

चव्हाट_गल्ली

हे मेरी कोमचं पटलं गा.

पण काका, लिहिणारा हात घरचा म्हणता, त्या हाताला पगार कोण देतंय? 'स्क्विड गेम' ही मालिका २०२१ मध्ये आली, कर्जात बुडालेली माणसं पैशासाठी जिवावरचे खेळ खेळतात ती. सगळं कोरियन, लिहिणारा, नट, भाषा. पैसा नेटफ्लिक्सचा. २०२२ मध्ये त्यातल्या ली जंग-जेला एमी, म्हणजे टीव्हीचा मोठा अमेरिकन पुरस्कार, मिळाला तो कोरियन बोलून. २०२३ मध्ये नेटफ्लिक्सनं जाहीर केलं, चार वर्षांत अडीच अब्ज डॉलर कोरियात घालणार. आता नटाला तिकडं जाऊन निन्जा व्हायची गरजच काय? त्यानंतर ली जंग-जे 'स्टार वॉर्स'च्या मालिकेत (२०२४) गेला तो जेडाय, म्हणजे त्या गोष्टीतल्या योद्धा-साधूंचा, गुरू म्हणून, इंग्लिश शिकून. मऊ बोलणारा, पोटात जुनं पाप दडवलेला गुरू. चांगली भूमिका की! मालिका एका सीझनमध्ये बंद पडली ते सोडा. आधी बाजार आला, मान मागनं आला.

---

जांबोटीच्या_बाई

बाजार आल्यावर साचा जातो असं मला नाही वाटत, फक्त तो साचा मारणारा बदलतो. त्याच 'स्क्विड गेम'मधला अली बघा. अनुपम त्रिपाठी दिल्लीचा, २०१० मध्ये शिष्यवृत्तीवर कोरियात नाट्यशिक्षण घ्यायला गेला. कोरियन अस्खलित. वर्षानुवर्षं त्याला तिकडं छोटी छोटी कामं मिळाली ती परदेशी मजुराची. मोठी भूमिका मिळाली तीही कारखान्यात बोटं गमावलेल्या, मालकानं पगार बुडवलेल्या पाकिस्तानी मजुराची. भोळा, सगळ्यांना "साहेब साहेब" करणारा. गोट्यांच्या खेळात ज्या जोडीदाराला तो साहेब म्हणतो, तोच त्याच्या पिशवीत गोट्यांऐवजी खडे भरून देतो आणि हा विश्वासानं गळ्यात अडकवून फिरतो. मी रडले त्या भागाला, लेकही रडली. पण तिकडच्या लेखकाला आपल्याकडचा माणूस दिसला तो असा. आणि हे खेळ मजा म्हणून बघणारे ते मुखवटेवाले गोरे श्रीमंत? त्यांची वाक्यं तर आमच्या सातवीच्या पोरांनी म्हटल्यासारखी.

---

विंगेतला

अलीला बायको आणि तान्हं मूल आहे, बाई. माझ्या परीक्षेत तो काठावर पास.

---

जांबोटीच्या_बाई

बरं, काठावर. @निपाणकर_पोर, रूममेटला विचार, आपल्या मराठी मालिका बघते का?

---

निपाणकर_पोर

विचारलं. माझ्याबरोबर जेवताना बघते कधीकधी. म्हणाली, तुमच्या मालिकेत मला घेतलंच तर काय करतील? मी म्हटलं, ब्यूटी पार्लरवाली.

---

चव्हाट_गल्ली

नाहीतर नायकाला कराटे शिकवायला.