जागतिक राजकारणावर केवळ महिला अभ्यासकांचा परिसंवाद: विषय कसे ठरवावेत?

प्रश्न: गोदाकाठ

आमच्या तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयाची व्याख्यानमाला दरवर्षी जानेवारीत भरते. यंदाचे शेवटचे पुष्प जगातील सध्याच्या युद्धांवर आणि निवडणुकांवर परिसंवाद घेऊन गुंफायचे आणि चारही वक्त्या महिला असाव्यात, असे कार्यकारिणीने एकमताने ठरवले. अडचण विषयांवरून सुरू झाली. एका सदस्यांनी परिसंवादाला ‘स्त्रीच्या नजरेतून जग’ हे नाव सुचवले. दुसऱ्यांनी, संक्रांतीचे दिवस असल्याने हळदीकुंकवालाच जोडून कार्यक्रम घ्यावा म्हणजे सभागृह भरेल, असे मत मांडले. दरम्यान, ज्या प्राध्यापिकांना आम्ही सर्वप्रथम दूरध्वनी केला त्यांनी नम्रपणे पण स्पष्ट शब्दांत सांगितले की त्यांचा अभ्यास अण्वस्त्रनियंत्रणाचा आहे आणि त्यावर बोलायचे असेल तरच त्या येतील. ‘युद्ध आणि स्त्रिया’ हा त्यांचा विषय नाही.

वक्त्या महिला आहेत एवढ्यावरून विषयही महिलांशी निगडित असावा का, हा माझा पहिला प्रश्न. दुसरा असा की, वाटाघाटींत किंवा विश्लेषणात महिला असल्याने प्रत्यक्षात काही फरक पडल्याची ठोस उदाहरणे आहेत का, की ती केवळ भाषणात म्हणायची गोष्ट आहे? जाणकारांनी उदाहरणांसह लिहावे, ही विनंती.

उत्तर १: निवृत्त_अध्यापक

त्या प्राध्यापिकांचे म्हणणे योग्यच आहे आणि कार्यकारिणीने ते विनातक्रार मान्य करावे.

आपल्याच परराष्ट्र सेवेचा इतिहास पाहा. सी. बी. मुथम्मा या १९४९ मध्ये सेवेत दाखल झालेल्या पहिल्या महिला. तेव्हाच्या नियमांनुसार महिला अधिकाऱ्याला विवाहापूर्वी सरकारची लेखी परवानगी घ्यावी लागे आणि संसारामुळे कामात व्यत्यय येतो असे सरकारला वाटल्यास तिच्याकडे राजीनामा मागता येई. बढती डावलली गेल्यावर त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि १९७९ मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी या नियमांवर कडक ताशेरे ओढले. त्यानंतर सतराच वर्षांनी, १९९६ मध्ये, जिनिव्हाच्या निःशस्त्रीकरण परिषदेत सर्वंकष अणुचाचणी बंदी कराराला भारताचा नकार ठणकावून सांगणाऱ्या प्रतिनिधी होत्या अरुंधती घोष. त्यांच्या युक्तिवादाचा गाभा दोन मुद्द्यांचा होता. हा करार अण्वस्त्रे ठरावीक मुदतीत नष्ट करण्याच्या कोणत्याही बंधनाशी जोडलेला नाही, हा पहिला. दुसरा मुद्दा करार अमलात येण्यासाठी भारतासह ४४ देशांची मान्यता अनिवार्य करणाऱ्या कलमाचा; हे कलम म्हणजे न मागितलेले बंधन भारताच्या गळ्यात बांधणे होय, असे त्यांचे म्हणणे होते. या युक्तिवादात ‘स्त्रीची नजर’ कोठे शोधायची? त्यात होती ती मसुद्यातील प्रत्येक वाक्यावरची हुकमत.

आजच्या युद्धांबाबतही हेच आहे. रशियाविषयी ज्यांचे म्हणणे गांभीर्याने ऐकले जाते त्यांत फिओना हिल आहेत. उत्तर इंग्लंडमधील कोळसा खाणकामगाराची ही मुलगी २०१७ ते २०१९ या काळात अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा परिषदेत युरोप आणि रशियाचे काम पाहत होती. २०२४ मध्ये ब्रिटनने आपल्या संरक्षण धोरणाचा आढावा ज्या तिघांकडे सोपवला होता त्यांतही त्या होत्या. क्रेमलिनमधील गटबाजी समजून घ्यायची तर तात्याना स्तानोवाया यांना वाचावे लागते आणि युद्धकाळातील रशियन अर्थकारणासाठी अलेक्झांड्रा प्रोकोपेन्को यांना. प्रोकोपेन्को पूर्वी रशियाच्या मध्यवर्ती बँकेत सल्लागार होत्या, म्हणून त्यांना आतली यंत्रणा ठाऊक आहे. त्या बँकेच्या प्रमुखही २०१३ पासून एक महिलाच आहेत. एल्विरा नाबिउलिना यांनी युक्रेनवरील आक्रमणानंतर चारच दिवसांत व्याजदर साडेनऊ टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर नेला आणि रुबलची घसरगुंडी थोपवली. युद्ध चालू ठेवण्यात या निर्णयाचा वाटा किती, हा प्रश्न व्यासपीठावर एखाद्या अर्थतज्ज्ञ महिलेला विचारा. सभागृह भरण्यासाठी वाणाची गरज भासणार नाही.

उत्तर २: बेलफास्टकर

मी बरीच वर्षे उत्तर आयर्लंडमध्ये राहतो, त्यामुळे आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर येथील अनुभवावरून देतो.

येथील कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट समाजांतील दीर्घ हिंसक संघर्ष मिटवण्याच्या वाटाघाटींत कोण बसणार हे ठरवण्यासाठी ३० मे १९९६ रोजी निवडणूक झाली. एकूण ११० जागांपैकी ९० जागा मतदारसंघांतून भरायच्या होत्या. उरलेल्या २० जागा सर्वाधिक मते मिळवणाऱ्या दहा पक्षांना प्रत्येकी दोन याप्रमाणे द्यायच्या होत्या. सशस्त्र गटांशी जवळीक असलेले छोटे पक्ष चर्चेबाहेर राहू नयेत, हा या तरतुदीचा मुख्य हेतू होता. प्रस्थापित पक्षांच्या याद्यांत महिला जवळजवळ नाहीत हे पाहून कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट अशा दोन्ही समाजांतील कार्यकर्त्या महिलांनी निवडणुकीच्या तोंडावर घाईघाईने ‘विमेन्स कोएलिशन’ हा पक्ष उभा केला. त्यांना मते मिळाली जेमतेम एक टक्का. तरीही पहिल्या दहांत क्रमांक लागला आणि त्या दोन जागांवर मोनिका मॅकविल्यम्स आणि पर्ल सेगर यांची वर्णी लागली. पहिली विद्यापीठात शिकवणारी कॅथलिक, दुसरी कामगारवस्तीतली प्रॉटेस्टंट सामाजिक कार्यकर्ती.

सभागृहात त्यांचे स्वागत कसे झाले याच्या कहाण्या येथे आजही सांगितल्या जातात. त्या बोलायला उभ्या राहिल्या की विरोधी बाकांवरून काही सदस्य गाईसारखे हंबरत. त्यांनी या टोमण्यांची जाहीर नोंद ठेवण्यासाठी आपल्या कार्यालयात एक फलक लावला आणि कोण काय म्हणाले ते नावानिशी त्यावर लिहिण्याचा परिपाठ ठेवला.

त्यांनी काय साधले, हे मात्र कहाण्यांपेक्षा महत्त्वाचे आहे. या वाटाघाटींतून निघालेल्या १० एप्रिल १९९८ च्या शांतता कराराचा मसुदा मुख्यतः सत्तावाटप, कैद्यांची सुटका, शस्त्रे खाली ठेवणे आणि पोलीस दल यांभोवती फिरत होता, कारण मोठ्या पक्षांचे हितसंबंध तेथे गुंतलेले होते. हिंसाचारात बळी पडलेल्यांच्या कुटुंबांना मदत, दोन्ही समाजांच्या मुलांनी एकत्र शिकण्याच्या शाळा, मिश्र वस्त्या आणि पक्षांबाहेरील नागरिकांसाठी स्वतंत्र सल्लागार मंच या बाबी करारात आल्या त्या प्रामुख्याने या दोन जागांच्या पाठपुराव्यामुळे. मे महिन्यातील सार्वमतात ७१ टक्के मतदारांनी कराराला कौल दिला.

माझ्या मते फरक पडला तो त्यांच्या स्वभावातील कथित मवाळपणामुळे नव्हे. कोणत्याही सशस्त्र गटाचे देणे त्यांच्या डोक्यावर नव्हते आणि दोन्ही बाजूंचे लोक त्यांच्याशी बोलू शकत होते. हे स्थान एखाद्या पुरुषांच्या पक्षालाही मिळवता आले असते. पण तसा पक्ष त्या वेळी कोणी काढला नाही, हेही तितकेच खरे.

उत्तर ३: शंकेखोर

वरील माहिती मोलाची आहे, परंतु थोडा विरोधी सूर लावतो. महिला आल्या की शांतता येते, असा एक गोड समज अशा कार्यक्रमांतून पसरवला जातो. गोल्डा मेयर, इंदिरा गांधी आणि मार्गारेट थॅचर या तिघींनीही युद्धे लढवली आणि त्यांचे मूल्यमापन त्या निर्णयांच्या आधारेच झाले पाहिजे. महिलांचा सहभाग असलेले करार पंधरा वर्षे टिकण्याची शक्यता ३५ टक्क्यांनी वाढते, हा आकडा तर जवळजवळ प्रत्येक भाषणात येतो. मात्र ज्या वाटाघाटींत महिलांना स्थान मिळते त्या मुळातच अधिक व्यापक आणि समजूतदार वातावरणात होत असतील, तर टिकाऊपणाचे श्रेय नेमके कशाला द्यायचे?

शिवाय करारात लिहिले म्हणजे ते लोकांच्या गळी उतरले असे होत नाही. कोलंबियाचे सरकार आणि फार्क बंडखोर यांच्या हवाना येथील चर्चेत सप्टेंबर २०१४ मध्ये लिंगभावविषयक स्वतंत्र उपसमिती नेमली गेली. जमिनीच्या मालकीत ग्रामीण महिलांचा हक्क आणि लैंगिक हिंसेला माफी नाही, या गोष्टी त्यामुळे कराराच्या मुख्य मजकुरात आल्या. २६ सप्टेंबर २०१६ रोजी कार्ताहेना येथे बंदुकीच्या काडतुसांपासून बनवलेल्या पेनने सह्या झाल्या. सहाच दिवसांनी, २ ऑक्टोबरच्या सार्वमतात, अर्ध्या टक्क्याहून कमी फरकाने करार फेटाळला गेला. विरोधकांनी पारंपरिक कुटुंबव्यवस्था मोडण्याचा हा डाव आहे असा प्रचार चर्चमधून केला होता. पराभवाची इतरही कारणे होती. बंडखोरांना मिळणारी सौम्य शिक्षा हे त्यातले मोठे, आणि मतदानही चाळीस टक्क्यांपर्यंत पोहोचले नव्हते. पण जिला यश म्हणून मिरवले जाते तीच तरतूद प्रचारात विरोधकांच्या हातचे कोलीत ठरली. नोव्हेंबरमध्ये सुधारित करार झाला तेव्हा या भागाची भाषा पुन्हा घासूनपुसून लिहावी लागली आणि तो सार्वमताला न घालता संसदेतून मंजूर करून घ्यावा लागला.

आपल्या वक्त्यांना हा प्रश्न जरूर विचारा. टाळ्या कमी पडतील, पण चर्चा खरी होईल.

उत्तर ४: बातमीदारीण

शंकेखोर यांचा मुद्दा रास्त आहे. महिलांनी शांतता आणावी ही अटच मुळात अन्यायाची आहे, कारण पुरुष वक्त्यांना व्यासपीठावर बसवताना तशी अट कोणी घालत नाही. प्रश्न माहितीचा आहे: जिला काही दिसते आहे तिचे सांगणे योग्य जागी पोहोचते का?

गाझाच्या कुंपणालगत नहाल ओझ येथील तळावर इस्रायली सैन्यातील तरुण मुली तासन्‌तास पडद्यांसमोर बसून सीमेची टेहळणी करीत. पलीकडे हमासचे सराव चालले आहेत, कुंपण ओलांडण्याची तालीम होते आहे, अनोळखी माणसे येऊन टेहळणी करतात, हे त्यांनी ७ ऑक्टोबर २०२३ च्या आधी अनेक महिने वरिष्ठांना कळवले होते. त्यांचे काम पाहण्याचे आहे, अर्थ लावण्याचे नाही, अशा आशयाची उत्तरे मिळाल्याचे त्यांच्यापैकी वाचलेल्यांनी आणि त्यांच्या कुटुंबीयांनी सांगितले आहे. हल्ल्याच्या दिवशी त्यांच्यातील अनेकजणी मारल्या गेल्या आणि सात जणींना ओलीस म्हणून नेले गेले. त्या मुली होत्या म्हणून दुर्लक्ष झाले की सर्वांत खालच्या दर्जाच्या होत्या म्हणून? मला वाटते, दोन्ही कारणे एकमेकांत इतकी गुंतलेली आहेत की ती सुटी करता येणार नाहीत.

दुसरे उदाहरण घरचे आहे. १० ऑक्टोबर २०२५ रोजी तालिबानचे परराष्ट्रमंत्री मुत्तकी यांची दिल्लीतील अफगाण दूतावासात पत्रकार परिषद झाली आणि तीत एकाही महिला पत्रकाराला प्रवेश नव्हता. परराष्ट्र मंत्रालयाने आपला या आयोजनाशी संबंध नसल्याचे सांगितले. टीकेची झोड उठल्यावर दोन दिवसांनी दुसरी पत्रकार परिषद घेण्यात आली. तेथे महिला पत्रकार पहिल्या रांगेत बसल्या आणि त्यांनी मुलींच्या शिक्षणबंदीवरही प्रश्न विचारले. आमच्या व्यवसायात परराष्ट्र खात्याचे वार्तांकन वर्षानुवर्षे करणाऱ्या महिला कमी नाहीत, आणि पहिल्या दिवशी त्यांना वगळल्याने नुकसान झाले ते अफगाण प्रश्नाच्या वार्तांकनाचे.

निवडणुकांसाठी मेक्सिको घ्यावा, असे सुचवते. २ जून २०२४ च्या निवडणुकीत दोन्ही प्रमुख उमेदवार महिला होत्या, त्यामुळे ‘महिला अध्यक्ष हवी की नको’ हा वाद आपोआप बाजूला पडला आणि अमली पदार्थांच्या टोळ्या, न्यायव्यवस्था, अमेरिकेशी संबंध हे विषय पुढे आले. क्लाउडिया शेनबाउम मोठ्या फरकाने निवडून आल्या. पुढच्याच वर्षी त्या देशाने न्यायाधीशही थेट मतदानाने निवडले आणि त्या मतदानाला अवघे तेराएक टक्के मतदार फिरकले. यावर बोलायला राज्यघटनेची अभ्यासक बोलवा.

गोदाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ‘स्त्रीच्या नजरेतून’ हे शब्द शीर्षकातून काढण्याचे कार्यकारिणीने काल मान्य केले; हळदीकुंकवाचा प्रस्ताव अद्याप जिवंत आहे. अण्वस्त्रनियंत्रणाच्या प्राध्यापिकांनी होकार कळवला आहे. बेलफास्टकरांना एक विचारायचे आहे: त्या महिलांच्या पक्षाचे पुढे काय झाले? शांतता प्रक्रियांवर बोलणाऱ्या वक्त्यांना आम्ही उत्तर आयर्लंडचे उदाहरण घेण्याची विनंती करणार आहोत.

बेलफास्टकर

१९९८ च्या विधानसभेत त्यांच्या दोन सदस्या निवडून आल्या, पण या वेळी दहा पक्षांना जादा जागा देण्याची तरतूद नव्हती. नोव्हेंबर २००३ मध्ये दोन्ही जागा गेल्या आणि २००६ मध्ये पक्ष विसर्जित झाला. त्यांनी आग्रहाने मिळवलेला नागरिकांचा सल्लागार मंच २००२ मध्ये विधानसभेबरोबर स्थगित झाला आणि विधानसभा परतल्यावरही तो पुन्हा भरवला गेला नाही. दोन्ही समाजांच्या एकत्र शाळांत आजही दहातील एकही मूल धड जात नाही. वक्त्यांना विनंती करताना करारापर्यंतच्या दोन वर्षांइतकाच वेळ त्यानंतरच्या काळालाही द्यावा असे अवश्य सुचवा, कारण बहुतेक भाषणे १० एप्रिलपाशीच थांबतात.